माती कुणाच्या शेतात गेली

सोलापुरात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी "उजनी किती?" हे विचारून घेतात. उत्तर टक्क्यात येतं आणि एप्रिल-मे असेल तर बहुतेक वेळा उण्यात येतं. "मायनस तीस." विचारणारा मान हलवतो आणि मग लेकराबाळांची चौकशी सुरू होते. बाहेरगावच्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही. धरणात उणं पाणी कसं असेल? हिशेब साधा आहे. भीमेवरचं हे उजनी धरण भरलं की त्यात साधारण 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट, पाणी असतं. त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी तळाचं, म्हणजे मृतसाठा. वरचं 53 टीएमसी आणि काही, ते उपयुक्त. उपयुक्त संपलं की आपण मृतसाठा उपसायला लागतो आणि आकडा शून्याखाली उतरतो. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे साठाच्या जवळ गेला होता. आमच्या इमारतीतल्या वॉचमनलासुद्धा तो दशांशासकट पाठ होता.

दुष्काळाचं सगळं आम्हाला असंच पाठ आहे. 72 चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून घराघरात आहेत आणि ती सुकडीची चव, खडी फोडायची कामं, कुठल्या गावाला कुठल्या विहिरीनं जगवलं हे तारीखवार सांगतात. त्याच्याही मागे गेलं तर मंगळवेढ्याचे दामाजीपंत आहेतच, बादशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून देणारे. आमच्या जिल्ह्याचा संतसुद्धा दुष्काळातला आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला निम्मा लहरीवर. अशा मुलखानं कोरड्याचं शास्त्र तयार करावं यात नवल नाही. ओल्याचं मात्र आमच्याकडे काही नव्हतं. 2025 साली ते फार महागात पडलं.

त्या वर्षाची सुरुवातच विचित्र झाली. मे महिना म्हणजे आमच्याकडे वाळवणाचा. गच्चीवर जुनी साडी अंथरून कुरडया, सांडगे, शाबूच्या चकल्या. 42-43 अंशाच्या उन्हात त्या दोन दिवसांत खडखडीत वाळतात. त्या मे महिन्यात माझ्या कुरडयांना बुरशी आली. एरवी जूनमध्ये कधीतरी उगवणारा मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 तारखेला मुंबईत हजर झाला. त्याच्या आधीपासूनच वळवाच्या नावाखाली रोज रात्री कोसळत होता. इकडे माळशिरस तालुक्याच्या कडेनं नीरा भरून वाहिली. वैशाखात पूर! नीरेकाठच्या माणसांना मे महिन्यात घरातलं सामान माळ्यावर चढवावं लागलं. मे संपता संपता उजनी उण्यातून अधिकात आली आणि सोलापुरात लोकांनी एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. मीही खूश होते. धरण भरणं ही आमच्याकडे आनंदाचीच बातमी असते, ती कुठल्या महिन्यात येते हे कोण बघतं?

पंढरपूरकर मात्र तेव्हापासूनच नदीकडे बघत होते. भीमेचा तो काठ पुराच्या बाबतीत शहाणा आहे. वर पुण्याच्या धरणांतून किती सोडलं, ते उजनीला कधी पोचेल, उजनीतून किती निघालं आणि दगडी पुलावर पाणी किती वाजता चढेल, हे तिथला चहावालाही सांगतो. पुंडलिकाच्या देवळात पाणी शिरलं, कळसापर्यंत गेलं, ही तिथली मोजपट्टीच आहे. व्यासनारायण झोपडपट्टीतली माणसं भोंगा वाजायच्या आधी गाठोडी बांधतात. तरी तिथंही घात होतो. ऑक्टोबर 2020 मध्ये अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. तरीही नदी चढते आणि उतरते हे पंढरीच्या अंगवळणी पडलेलं आहे. पाऊस सह्याद्रीत पडतो, पूर पंढरपुरात येतो. दोहोंच्या मधे एक भलं मोठं धरण आहे आणि त्या धरणामुळे हातात थोडा वेळ मिळतो.

माझं माहेर सीनेकाठचं, मोहोळ तालुक्यातलं. सीनेला यातलं काहीच नाही.

सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते. बीड आणि धाराशिवच्या कडेनं खाली येऊन करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर असे आमचे तालुके ओलांडते आणि हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. सगळी वाट पर्जन्यछायेतली. तिच्या डोक्यावर ना महाबळेश्वर, ना भीमाशंकर. माझ्या लहानपणी होळीनंतर सीना म्हणजे वाळूचा पट्टा असायचा. त्यात झिरे काढायचे, वाटीवाटीनं घागर भरायची. पुढं वाळूही गेली. रात्रीच्या ट्रॅक्टरांनी ती कशी नेली हे सीनेकाठच्या कुणालाही विचारा, आवाज खाली करून सांगेल. राहिलं ते खडकाचं आणि वेड्या बाभळीचं पात्र. मग आंदोलनं सुरू झाली, सीनेला पाणी सोडा. रास्ता रोको, उपोषणं, निवेदनं. उजनीचं पाणी बोगद्यातून सीनेत आणणारा भीमा-सीना जोडकालवा झाला तसे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरायला लागले. बंधारे भरले तशा काठावर मोटारी बसल्या. मोटारी बसल्या तसा ऊस आला, आणि ऊस नदीच्या ओठापर्यंत गेला. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा आहे हा, उसाला गिऱ्हाईक कमी नव्हतं. सीना आमच्या दृष्टीनं एक लांबलचक टाकी झाली होती. ती भरा, एवढीच आमची मागणी. टाकी ओतू जाईल तर कुठपर्यंत जाईल, हा प्रश्न ग्रामसभेत विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

नदीकाठासाठी जलसंपदा खातं निळी आणि लाल अशा पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. आमच्या गावात या दोन्ही रेषा कुणी पाहिलेल्या नव्हत्या. लाल आणि निळे रंग दिसायचे ते निवडणुकीत.

एक गोष्ट होती, पण ती कुणी वाचत नव्हतं. आमचं जुनं गाव पांढरीवर आहे. मारुतीचं देऊळ, चावडी, जुने वाडे, माळवदाची घरं सगळी उंचवट्यावर. खाली उतरलं की काळी, म्हणजे शेती, आणि अगदी नदीला लागून मळई. आमच्या पूर्वजांनी मळईत राहायला घर बांधलं नाही. तिथं पेरायचं, राखणीला पाचटाची खोप घालायची आणि दिवस मावळला की वर यायचं. गावठाण अपुरं पडायला लागलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, घरात मोटारसायकली आल्या आणि लोक रानात वस्ती करून राहू लागले. दादानंही वीस वर्षांपूर्वी खालच्या रानात आरसीसीचं घर बांधलं. मोटार जवळ, जनावरं जवळ, ऊस दारात. आई मात्र वर जुन्या घरात राहिली. तिला वस्तीवर करमत नाही, तिथं बोलायला बायका नाहीत, एवढंच तिचं कारण.

सप्टेंबर हा सोलापूरचा हक्काचा पावसाचा महिना. मृग-आर्द्रा कोरडे गेले तरी उत्तरा-हस्त देतील, या भरवशावर आमची सगळी रब्बी उभी असते. मालदांडी ज्वारीला याच पावसाची ओल लागते. पण त्या वर्षी जमीन आधीच पाण्यानं तट्ट झाली होती. वरचे परंड्याकडचे खासापुरी, चांदणी, सीना-कोळेगाव असे प्रकल्प गळ्यापर्यंत भरले होते. उजनीसारखं पोट यांना नाही. वर जामखेड, कर्जत, भूम, परंडा या भागांत एकाच वेळी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि जेवढं आलं तेवढं खाली सोडण्यावाचून इलाज राहिला नाही. मधे भोगावतीसारख्या उपनद्या आणि नावही नसलेले शेकडो ओढे आपापलं पाणी घेऊन आले. ज्या सीनेत दोन-चार हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, सोडावं म्हणून आम्ही रस्त्यावर बसत होतो, तिच्यातून दोन लाखांच्या घरातलं पाणी निघालं.

घटस्थापना झाली होती. तुळजापूरहून ज्योत घेऊन धावणारी पोरं रस्त्यानं जात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "पाणी आलंय मोटारीपर्यंत. मोटार वर घेतली. काय न्हाय होत." रात्री पुन्हा फोन. "उसात आलंय." मी म्हटलं, "दादा, वहिनीला आणि पोरांना घेऊन वर जा की." तो म्हणाला, "आगं कवा आलंय का इथवर? अण्णांच्या येळंला बी न्हाय आलं." अण्णांच्या वेळचं ते वाक्य सीनेकाठच्या किती घरांत त्या रात्री बोललं गेलं असेल! मोजायला दुसरं काही नव्हतंच. मध्यरात्रीनंतर त्यानं जनावरांची दावी कापली. सोडायला वेळ नव्हता, कोयत्यानं कापली. म्हशी पोहत वर निघून गेल्या, त्या शाळेजवळ रस्त्यावर सापडल्या. एक कालवड सापडली नाही. वहिनी दोन्ही पोरांना आणि सातबाऱ्याच्या पिशवीला घेऊन ट्रॅक्टरवर बसून आईकडे पोचली तेव्हा ट्रॅक्टरची मोठी चाकं निम्मी पाण्यात होती.

मला जाता आलं नाही. लांबोटीला पुलाजवळ पाणी आल्यानं पुणे महामार्ग बंद. खाली हत्तूर-वडकबाळकडे विजयपूरचा रस्ताही बंद. मधे सोलापूर आणि मधेच मी. टीव्हीवर होड्या, हेलिकॉप्टर, एनडीआरएफचे केशरी जॅकेट घातलेले जवान. ज्या जिल्ह्यात होडी म्हणजे उजनीच्या फुगवट्यातले मासेमार किंवा चंद्रभागेतली वारकऱ्यांची ने-आण, तिथं माढ्या-मोहोळच्या उसाच्या फडांवरून होड्या चालल्या होत्या. आणि आमच्या नळाला? चार-पाच दिवसांआड येणारं पाणी तेव्हाही चार-पाच दिवसांआडच होतं. आमचे हे म्हणाले, "जिल्हा बुडला तरी बादल्या भरून ठेवायच्यात." बरोबरच होतं ते.

मग आम्ही कडक भाकरी केल्या. सोलापूरकरांना यात सांगण्यासारखं काही नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची. तव्यावर भाजून झाली की पुन्हा मंद आचेवर ठेवून कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. मुंबईच्या लोकांना ती पापड वाटते. महिनाभर काही होत नाही. सोबत उखळात कुटलेली शेंगाची चटणी, तेल सुटेपर्यंत. ना गॅस लागतो, ना भांडं, ना पाणी तापवायला लागतं. चुलीत गाळ भरलेल्या घरात पाठवायला याहून शहाणं अन्न नाही. आमच्या इमारतीतल्या बायका, शेजारच्या लिंगायत काकू, पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या अक्का, सगळ्या जमल्या. अक्कांना भाकरी थापता येत नाही, त्यांनी ते पहिल्याच मिनिटाला जाहीर केलं आणि भाजायला बसल्या. त्यांच्या मुलाचे माग आहेत. तो संध्याकाळी टेम्पोतून चादरींचा आणि टॉवेलचा गठ्ठा टाकून गेला. चादरी सेकंडच्या होत्या, म्हणजे कडेला धागा चुकलेल्या. त्यावरून अक्कांनी त्याला सगळ्यांदेखत तेलुगूत झापलं. मदतीला दोषाचा माल द्यायचा नाही, असं काहीसं असावं. दुसऱ्या खेपेला चादरी चांगल्या आल्या.

या मदतीबद्दल एक जरा कडू बोलते. पुढचे आठ-पंधरा दिवस गावात गाड्या येत राहिल्या, पुढच्या काचेवर फ्लेक्स लावलेल्या. फ्लेक्सवरचे चेहरे बिस्किटाच्या पुड्यांपेक्षा मोठे. जुन्या साड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात पडले, त्यातल्या बऱ्याच नेसवत नव्हत्या. मागितलं कुणी काय होतं? खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, विहिरी उपसायला डिझेल इंजिन, पोरांना वह्या. मराठवाड्यातून आलेल्या एका अनोळखी पोरांच्या टोळीनं मात्र फावडी घेऊन तीन घरं धुऊन दिली, जेवली आणि नाव न सांगता गेली.

रस्ता सुटल्यावर मी गेले. घराचं जे झालं ते सगळ्या पूरग्रस्त घरांचं होतं ते. भिंतीवर डोक्याच्या उंचीला मातकट रेघ, जमिनीवर घोट्याएवढा गाळ, त्याला डिझेलचा आणि सडक्या कांद्याचा वास. चाळीतला उन्हाळी कांदा सगळा गेला होता. पत्र्याच्या कोठीतली ज्वारी पाण्यानं फुगून कोठीच्या बाजूची शिवण उसवली होती. त्या फटीतून पांढरे मोड बाहेर आलेले. वहिनी ते मोड हातानं उपटत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, राहू द्या, टाकूनच द्यायचीय ना." त्या म्हणाल्या, "टाकायचीच हाय, पर डोळ्यासमोर उगवायला नको." कडब्याची गंजी अख्खीच्या अख्खी वाहत जाऊन दोन शेतं पलीकडे बाभळीला टेकून उभी होती. वरून बरी दिसत होती, आतून काळी.

पण घर धुता येतं. मी ज्याबद्दल लिहायला बसले ते रानाबद्दल.

मळईतल्या त्या दोन एकरांत ऊस होता. दादा मला तिथं घेऊन गेला तेव्हा ऊस आडवा पडलेला असेल, कुजलेला असेल, अशी माझी तयारी होती. ऊस नव्हताच. ठिबकच्या नळ्या बाभळीच्या शेंड्यांना लटकत होत्या आणि खाली मुरूम होता. पिवळा, खडबडीत, पावलाखाली करकरणारा मुरूम. मधे मधे खडक उघडा पडलेला. कमरेएवढी काळी माती, जिच्यात लहानपणी पाय रुतला की चप्पल आतच राहायची, ती गेली होती. विहिरीत दगडगोटे आणि एक कुणाचा तरी फ्रीज. दादा त्या मुरुमावर उभा राहून म्हणाला, "ही आपली जमीन न्हाय. म्हंजे हाय, पर ही आपली न्हाय."

अण्णांनी ती माती घडवली होती. तलावातला गाळ बैलगाडीनं वाहून आणून पसरायचा, उन्हाळ्यात शेतावर मेंढरं बसवायची, ताल, म्हणजे मातीचे बांध, घालायचे, दर पावसाळ्यात फुटलेला ताल चिखलानं सांधायचा. आता त्यालाच शासनाची योजना आहे, गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. अण्णांनी ते योजनेशिवाय केलं. एका रात्रीत नदीनं ते सगळं उचललं.

वर आईच्या घरात घट बसलेले होते. घटासाठी वावरी, म्हणजे शेतातली काळी माती, वहिनींनी नेहमीप्रमाणे मळईतूनच आणली होती. पत्रावळीवरच्या त्या दोन ओंजळ मातीत गहू चांगले वीतभर उगवले होते. आई म्हणाली, "खालच्या रानाची एवढीच ऱ्हायली." दसऱ्याला घट उठल्यावर तिनं ती माती तुळशीत टाकली. दरवर्षी तसंच टाकते.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक आले. पोरं चांगली होती, झोपलेली नव्हती, चिखलानं भरली होती. मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो काढत होती. पीक कोणतं, क्षेत्र किती, नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे का? दादानं विचारलं, "पीक लिहिताय, माती कुठं लिहायची?" त्याला वेगळा रकाना होता, खरडून गेलेली जमीन. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं. गाळानं भरलेल्या विहिरीला 30 हजार. काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण एका एकरावर फूटभर माती पसरायची म्हटली तरी हजाराच्या वर घनमीटर लागते, म्हणजे ट्रॉल्यांच्या कित्येक शंभर खेपा. आणि ती काळी माती आणायची कुठून? ती खाणीतून निघत नाही. कुणाच्या तरी शेतातूनच आणावी लागते.

कुणाच्या तरी शेतातच ती होती.

आमच्या खालच्या अंगाला नदी वळण घेते. वळणाच्या आतल्या बाजूला तात्यांचं रान. तात्या आमच्या भावकीतले नाहीत, पण अण्णांच्या बरोबरीचे, त्यामुळे दादाला त्यांच्यापुढं आवाज चढवता येत नाही. पाण्याचा वेग वळणावर मंदावतो आणि ओझं तिथंच टाकतो. तात्यांच्या रानात मांडीएवढा थर बसला होता. त्यांचा ऊस जागेवर होता, पण फक्त शेंडे दिसत होते, कुणीतरी जिवंत गाडल्यासारखे. थरात खाली काळा, लोण्यासारखा पोयटा आणि वर वाळू-रेव. नुकसान त्यांचंही तेवढंच. पंचनाम्याच्या कागदावर आम्ही खरडून गेलेले आणि ते गाळ साचलेले. दादा रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "ही माती आपली हाय. वासावरनं वळखू येतीया." माती ओळखू येते की नाही मला माहीत नाही, पण तो वास मलाही आला होता. वर करमाळ्यापासूनची किती शेतं तात्यांच्या त्या थरात असतील? आमची त्यात मूठभरही नसेल आणि आमची खाली कुडलच्याही पुढं, कर्नाटकात जाऊन बसली असेल. हे सगळं दादाला कळतं. तरी तो जायचा.

त्याहून अवघड प्रश्न बांधाचा निघाला. दोन्ही रानांच्या मधला बांध, त्याच्यावरची जुनी बोर, हद्दीचे दगड, सगळं गेलं. बांधावरून महाराष्ट्रात काय काय झालेलं आहे ते सांगायला नको. वीतभर बांध कोरला म्हणून सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडं वीस-वीस वर्षं पाहिलेली नाहीत. इथं तर शे-दोनशे फूट बांध एका रात्रीत नाहीसा झाला होता आणि कोरणाऱ्यावर केसही करता येत नव्हती. सुरुवातीचे दोन महिने कुणी काही बोललं नाही. सगळेच दमलेले होते. दिवाळी अशीतशीच झाली. थंडी पडली, रानं वाफशाला आली, आणि मग एकेका शिवारातून आवाज यायला लागले. बोर इथं होती. न्हाय, तिकडं होती. तुझ्या आज्यानं मला दाखवलीय. गावात त्या हिवाळ्यात हद्द कायम मोजणीचे इतके अर्ज झाले की लग्नाच्या हॉलसारख्या तारखा घ्याव्या लागल्या.

मधल्या काळात गावानं आणखी एक गोष्ट केली, माझ्या सांगण्यावरून नव्हे, तर शाळेच्या गुरुजींच्या आग्रहानं. शाळेच्या आणि मंदिराच्या भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथं तेलरंगानं रेघ मारली आणि वर तारीख लिहिली. मला ते फार आवडलं. पुढं संक्रांतीला गेले तर शाळेच्या रेघेवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स खिळे मारून बसवलेला. गुरुजींनी तो वर सरकवून घेतला, रेघ दिसेल इतका. देवळावरची रेघ शाबूत आहे, तिथं फ्लेक्स लावायला पुजारी देत नाही.

दादानं पुन्हा मळईत ऊस लावायचा नाही असं वहिनींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. राहायलाही वरच, आईकडे. दादा म्हणतो, वर जनावरं कुठं बांधू, मोटार कोण बघणार? त्यावर आई म्हणते, मोटारीला पोहता येतं का? हे भांडण मिटलेलं नाही. मिटेल असंही वाटत नाही, कारण दोघांचंही खरं आहे. वर जागा नाही आणि खाली राहवत नाही.

मोजणी फेब्रुवारीत झाली. भूमापक रोव्हर मशीन घेऊन आला. पूर्वीसारखी साखळी ओढायची नाही, खांबावर टोपी घातल्यासारखं ते यंत्र उपग्रहाकडून जागा विचारून घेतं. दोन्हीकडची माणसं, पंच, मी, वहिनी, सगळे मुरुमावर उभे. त्यानं खुणा दाखवल्या आणि सगळेच गप्प झाले. जुना बांध मुळातच चुकीच्या जागी होता. सातबाऱ्याच्या हिशेबानं हद्द आमच्या बाजूला चार-पाच फूट आत येत होती. म्हणजे अण्णांनी किंवा त्यांच्या वडलांनी कधीतरी बांध सरकवला होता, आणि तात्यांच्या वडलांनी ते पाहून सोडून दिलं होतं किंवा पाहिलंच नव्हतं. दादाचा चेहरा उतरला. तात्या हसायला लागले, तोंडात दात नसल्यानं ते हसू जरा जास्तच मोठं दिसलं.

"घे लिहून," ते भूमापकाला म्हणाले. मग दादाकडे वळून, "आता ऐक. वरची वाळू-रेव हाय ती तू घेऊन जा, मला ती नकोच. खालचा पोयटा मी देनार न्हाय."

"तात्या, रेव घेऊन मी काय करू? माझ्याकडं मुरूमच मुरूम हाय की."

"मग निम्मा पोयटा घे. पर रेव बी सगळी काढून न्यायची. अन् चार फुटाचं मी काय बोलत न्हाय, बांध हुता तिथंच घालू."

असं ठरलं. कागदावर काही नाही, भूमापकाच्या खुणा एकीकडे आणि बांध दुसरीकडे, म्हणजे पुढच्या पिढीच्या भांडणाची सोय झाली. उन्हाळा लागल्यापासून दादाचा ट्रॅक्टर आणि भाड्याचा एक जेसीबी त्या कामावर आहेत. आधी रेव काढायची, ती गावच्या रस्त्यावर टाकायची, मग पोयट्याच्या खेपा. परवा फोन केला तर दोघंही बांधावर बसून वाद घालत होते. जेसीबीचं भाडं निम्मं-निम्मं हे दोघांनाही मान्य आहे, डिझेल कुणाचं यावर अजून बोलणं चाललंय.